बंगळूरचे सफरचंद: तोडणीचा हंगाम आणि लोकरी मावा

बंगळूरच्या दक्षिण भागातील जयनगर ही वसाहत वसवण्यास १९४८ साली आरंभ झाला. तिचा पहिला ब्लॉक आणि लालबाग यांच्या मधोमध सिद्धापूर हा जुना भाग आहे. लालबागेच्या आश्रयाने वाढलेल्या रोपवाटिकांसाठी तो ओळखला जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या बागकाम करणाऱ्या तिगळ समाजाचा त्यात मोठा वाटा आहे. गच्चीवर किंवा शहराबाहेरच्या लहानशा कौटुंबिक बागेत लावण्यासाठी अलीकडे सफरचंदाच्या कलमांची चौकशी होऊ लागली आहे. ‘हरिमन ९९’, ‘ॲना’, ‘डॉर्सेट गोल्डन’ ही नावे आता दक्षिणेतल्या हौशी बागायतदारांनाही ठाऊक झाली आहेत.

ही आवड नवी असली तरी बंगळूरला सफरचंद नवे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मैसूर संस्थानच्या उद्यान खात्याच्या उत्तेजनाने, या शहराच्या परिसरात ‘रोम ब्यूटी’ या जातीच्या बागा होत्या आणि त्यांची फळे बाजारात येत असत. आज त्यांचा मागमूस उरलेला नाही. वाढत्या शहराने जमीन घेतली, हे त्यामागचे सहज दिसणारे कारण. दुसरे कारण झाडांच्या सालीवर आणि मुळांवर होते. लोकरी मावा या किडीने त्या बागांना जेरीस आणले होते.

महाराष्ट्रात नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांत काही शेतकरी आज सफरचंदाचा प्रयोग करीत आहेत. त्यांना सल्ला मिळतो तो बहुधा जातीविषयी आणि थंडीच्या तासांविषयी. बंगळूरचा इतिहास मात्र वेगळ्या दिशेने बोट दाखवतो. हिवाळा नसलेल्या प्रदेशात सफरचंदाच्या तोडणीचा हंगाम माणसाला ठरवता येतो, परंतु किडीला हंगामच उरत नाही.

हिवाळ्याविना बहर

हिमालयात सफरचंदाचे वर्ष झाड स्वतःच आखते. शरद ऋतूत पाने गळतात, डोळे सुप्तावस्थेत जातात आणि पुरेशी थंडी भोगल्यावरच वसंतात उमलतात. ही थंडी ७.२ अंश सेल्सिअसखालील तासांमध्ये मोजण्याची जुनी पद्धत आहे. डेलिशियस गटातील जातींना साधारण हजार तासांहून अधिक थंडी लागते. सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास कोटगडला ज्या डेलिशियस जाती रुजवल्या, त्या तेथे यशस्वी झाल्या याचे मूळ याच हिशेबात आहे. तेथे जातींचा क्रमही ठरलेला असतो. हळव्या जाती जुलैपासून, रॉयल डेलिशियस ऑगस्ट-सप्टेंबरात, गोल्डन डेलिशियस त्याच्या मागोमाग आणि गरव्या जाती ऑक्टोबरात तोडणीला येतात. चार-पाच जातींची झाडे असलेल्या कौटुंबिक बागेत तोडणीचे काम त्यामुळे दोन-तीन महिने पुरते आणि घरच्या माणसांवर एकदम ओझे पडत नाही.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. जानेवारीतील किमान तापमान तेथे सरासरीने १५ अंशांच्या आसपास राहते. या शहरात आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश आहे आणि तेही १८८४ च्या जानेवारीतले. म्हणजे जुन्या मोजपट्टीने पाहिले तर बंगळूरच्या सफरचंदाला थंडीचा एक तासही मिळत नाही. आणि तरीही तेथे रोम ब्यूटीला फळे येत होती. ही जात अमेरिकेतील ओहायो राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आली. मूळ प्रदेशात ती उशिरा फुलते, उशिरा पिकते आणि तिला थंडीही चांगलीच लागते. मग हे कसे घडले?

याचे उत्तर इंडोनेशियातील जावा बेटावर अधिक स्पष्ट दिसते. पूर्व जावातील मालांगजवळच्या बातू येथील डोंगराळ भाग उंचीने बंगळूरसारखाच, किंवा थोडा अधिक आहे. डच राजवटीत तेथे गेलेली रोम ब्यूटी पुढे व्यापारी पीक बनली. तेथील शेतकरी फळे तोडून झाल्यावर सुमारे महिन्याभराने झाडाची सर्व पाने हाताने ओरबाडून काढतात. काही आठवड्यांत डोळे फुटतात, फुले येतात, आणि पुढचे पीक पाच-सहा महिन्यांत तयार होते. एका झाडापासून वर्षात दोन पिके! अमेरिकी उद्यानविद्यातज्ज्ञ ज्यूल्स जॅनिक यांनी १९७४ साली या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा समशीतोष्ण देशांतील अनेकांना ते अद्भुत वाटले असणार.

यात चमत्कार नाही. फळे निघाल्यानंतर डोळा लगेच गाढ सुप्तावस्थेत जात नाही. आरंभी त्याला पानांकडून येणारे संदेश रोखून धरतात. खरी, आतून येणारी सुप्तावस्था त्यानंतर चढते. थंडीचे तास लागतात ते ही दुसरी अवस्था मोडण्यासाठी. ती चढण्यापूर्वीच पाने काढली, तर डोळ्यावरचा अटकाव उठतो आणि थंडीची गरजच टळते. पाने काढण्यास दोन-तीन महिने उशीर झाला, तर तीच क्रिया निष्फळ ठरते. काही डोळे फुटतात, काही बंदच राहतात आणि झाड उघड्या काठ्यांसारखे दिसू लागते.

महाराष्ट्रातील बागायतदाराला ही विद्या परकी नाही. डाळिंबाला ताण देऊन, पानगळ करून मृग, हस्त किंवा आंबे बहर धरणे ही त्याची रोजची भाषा आहे. नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांचे तत्त्वही वेगळे नाही, कारण तेथेही वेलीचे वर्ष कात्रीने ठरते. सफरचंदाचा बहर धरणे ही त्याच कौशल्याची पुढची पायरी मानावी. फरक एवढाच, की डाळिंबाला ताण चुकला तर बहर लांबतो, सफरचंदाला वेळ चुकली तर झाड वर्षभर बिघडते.

जाती आणि तोडणी

कमी थंडीच्या जातींनी हे काम सोपे केले आहे. ‘ॲना’ ही इस्राएलमध्ये तयार झालेली जात, तर ‘डॉर्सेट गोल्डन’ ही बहामा बेटांवर सापडलेली. दोन्हींची थंडीची गरज दोन-तीनशे तासांची, प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहूनही कमी असते. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे हरिमन शर्मा यांनी निवडलेली ‘हरिमन ९९’ ही तिसरी जात. या कामासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. उत्तरेच्या मैदानी भागात या जाती फेब्रुवारीच्या आगेमागे फुलतात आणि जूनमध्ये तोडणीला येतात. हिमालयाचे फळ बाजारात येण्यापूर्वीचा हा काळ असल्याने त्यांना भाव मिळण्याची आशा असते. डिसेंबरात पाने काढून बहर धरल्यास महाराष्ट्रातही मे-जूनमध्ये तोडणी बसवता येते.

ॲनाला परागीकरणासाठी दुसरी जात लागते आणि तिच्याबरोबर डॉर्सेट गोल्डन लावण्याची शिफारस सर्वत्र केली जाते. मात्र दोन्ही जाती शेजारी असणे पुरेसे नाही. दोघींची फुले एका वेळी यावी लागतात. हिवाळा नसलेल्या ठिकाणी फुलोरा अनेक आठवडे रेंगाळतो, म्हणून दोन्ही जातींची पाने एकाच आठवड्यात काढणे आवश्यक ठरते. त्या काळात सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांची वर्दळ बागेत राहिली पाहिजे, अर्थात फवारणी थांबली पाहिजे. रोम ब्यूटी बऱ्याच प्रमाणात स्वतःच्या परागांवर फळ धरते. एकाच जातीच्या बागा बंगळूर आणि बातू येथे चालू शकल्या, त्याला हा गुण साहाय्यभूत झाला असावा.

तोडणीची वेळ ओळखताना रंगाने फसगत होते. सफरचंदाचा तांबडा रंग खुलण्यास थंड रात्री लागतात. दख्खनच्या उन्हाळ्यात पिकणारे फळ पूर्ण तांबडे होईपर्यंत झाडावर ठेवले, तर ते आतून पिठूळ होते. फळाचा मूळ हिरवा रंग पिवळटपणाकडे झुकला का, कापलेल्या फळातील बिया तपकिरी झाल्या का, आणि फळ तळहातावर घेऊन वर उचलताच देठ सहज सुटतो का, या तीन खुणा अधिक विश्वासार्ह आहेत. कापलेल्या फळावर आयोडिनचे द्रावण लावल्यास पिष्ट असलेला भाग निळाकाळा होतो. गाभ्याकडून हा काळेपणा हटू लागला म्हणजे तोडणी जवळ आली. फळ कधीही हिसकून तोडू नये. ज्या आखूड फांदीवर ते असते तिच्यावरच पुढच्या बहराचा डोळा बसलेला असतो, आणि वर्षातून दोनदा फळ घेणाऱ्या बागेत त्या डोळ्याची किंमत दुप्पट होते.

तोडणीच्या महिन्याबरोबर शत्रूही बदलतो. मे-जूनच्या तोडणीत आंब्यावर वाढलेली फळमाशी समोर येते. आंब्याची अखेरची फळे संपत असताना मऊ सालीचे, गोड सफरचंद तिला आयतेच मिळते. म्हणून मिथाइल युजेनॉलचे सापळे फळ रंगू लागण्यापूर्वीच बागेत हवेत आणि गळालेली फळे रोज वेचून पुरली पाहिजेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तोडणी आणली, तर डाळिंब आणि मोसंबीच्या बागायतदारांना परिचित असलेला रसशोषक पतंग रात्री फळांना सोंड टोचतो. कोणता बहर धरावा हा निर्णय केवळ बाजारभावावर घेणाऱ्याने ही बाजूही तपासावी.

लोकरी मावा

फळमाशी आणि पतंग हे हंगामी पाहुणे होत. लोकरी मावा घरचा होऊन बसतो.

महाराष्ट्रात हे नाव उच्चारताच उसावरचा लोकरी मावा आठवतो. २००२ साली सांगली भागात त्याचा उद्रेक झाला आणि अल्पावधीत तो दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात पसरला. सफरचंदावरील मावा त्याहून वेगळा आहे. उसावरील किडीचे शास्त्रीय नाव सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा, तर सफरचंदावरील किडीचे एरिओसोमा लॅनिजेरम. उसावरची कीड पानाच्या खालच्या बाजूला वसते. सफरचंदावरची खोडाच्या जखमा, छाटणीचे काप, फांद्यांच्या बेचक्या, पानांच्या बगला आणि जमिनीखालची मुळे धरते. एकीवरून दुसऱ्या पिकाला धोका नाही. दोघींच्या अंगावरची मेणाची पांढरी लोकर मात्र सारखीच दिसते, आणि त्यामुळे गोंधळ होतो.

सफरचंदाचा लोकरी मावा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. कलमांबरोबर तो अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात आणि तेथून जगभर गेला. भारतात तो प्रथम १८८९ च्या सुमारास निलगिरीतील कुन्नूर येथे आढळला, म्हणजे दक्षिण भारत हे त्याच्या भारतीय प्रवासाचे पहिले ठाणे होते. मूळ प्रदेशात तो वर्षाचा काही काळ एल्म वृक्षावर काढतो. इतरत्र त्याला त्या वृक्षाची गरज पडत नाही. सफरचंदावरच माद्या नराविना थेट पिलांना जन्म देतात आणि पिढ्यांमागून पिढ्या घडतात. लोकर बाजूला करून किडा चिरडला तर बोटाला तांबूस-तपकिरी डाग पडतो; ही खूण लक्षात ठेवली म्हणजे पिठ्या ढेकणाशी गल्लत होत नाही. त्याच्या रसशोषणाने फांद्यांवर आणि मुळांवर गाठी उठतात. गाठाळलेले मूळ पाणी नीट ओढू शकत नाही. तरुण झाड खुरटते, आणि वर पाहणाऱ्याला ते खताच्या किंवा पाण्याच्या कमतरतेचे लक्षण वाटते.

हिमालयात कडाक्याची थंडी फांद्यांवरच्या वसाहती बऱ्याच अंशी नष्ट करते. मुळांवरची कीड तगून राहते आणि वसंतात तिची पिले खोडावरून वर चढतात, तरी झाडाला दरवर्षी काही महिन्यांची उसंत मिळते. सतत तीस अंशांच्या वर जाणारा उन्हाळाही या किडीला मानवत नाही. बंगळूरचे हवामान या दोन्ही टोकांपासून दूर आहे. माणसाला जे सुखद, तेच माव्यालाही सुखद ठरले. त्यात पाने काढून धरलेल्या बहराने वर्षातून एकाहून अधिक वेळा कोवळी पालवी मिळाली, तर किडीच्या दृष्टीने वसंत संपतच नाही.

यावरून महाराष्ट्रासाठी एक अंदाज बांधता येतो. अहिल्यानगर किंवा सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात फांद्यांवरचा मावा मंदावेल, पण मुळांवर टिकेल. जुन्नर, वाई, महाबळेश्वरचा उतार, बेळगावचा पश्चिम भाग अशा सौम्य हवेच्या पट्ट्यात मात्र त्याला बंगळूरसारखीच परिस्थिती मिळेल. सफरचंदाला अनुकूल म्हणून जे गाव सुचवले जाते, ते बहुधा या किडीलाही अनुकूल असते.

खुंट आणि गांधीलमाशीचा लहान भाऊबंद

या किडीवरील दोन उपाय जगाने शंभर वर्षांपूर्वीच शोधले आणि दोन्ही आजही टिकून आहेत.

पहिला उपाय खुंटाचा. ‘नॉर्दर्न स्पाय’ या अमेरिकी जातीच्या मुळांवर लोकरी मावा वाढत नाही, हे एकोणिसाव्या शतकातच ध्यानात आले होते. इंग्लंडमधील मर्टन येथील जॉन इनेस संस्था आणि ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्र यांनी तिचा संकर मॉलिंग खुंटांशी करून मॉलिंग-मर्टन मालिका तयार केली. एमएम १०६ आणि एमएम १११ हे त्यातील सर्वाधिक प्रचलित खुंट. त्यांच्या मुळांवर माव्याला थारा मिळत नाही, त्यामुळे जमिनीखालचा राखीव साठाच नाहीसा होतो. वर बांधलेली जात रोगट होऊ शकते, पण खोडावरची कीड दिसते, हाताशी येते आणि तिचा बंदोबस्त करता येतो. बियांपासून वाढवलेल्या खुंटावर हे संरक्षण नसते. लोकप्रिय असलेला बुटका एम ९ खुंटही या किडीला बळी पडतो. कलम विकत घेताना जातीचे नाव दहा वेळा विचारले जाते, खुंटाचे नाव क्वचितच. हा क्रम उलटा व्हायला हवा.

उत्तरेकडून डिसेंबर-जानेवारीत येणारी कलमे बहुधा माती नसलेल्या उघड्या मुळांची असतात. हीच तपासणीची उत्तम संधी. मुळांवर मण्यांसारख्या गाठी, कलमाच्या सांध्यावर किंवा जुन्या कापांत पांढरी लोकर दिसली, तर ते रोप परत करावे. जी निरोगी दिसतात तीही थेट बागेत न लावता काही आठवडे कुंडीत, इतर झाडांपासून दूर ठेवून पुन्हा पाहावीत. बागेत एकदा शिरलेली ही कीड मुळांतून समूळ काढणे जवळपास अशक्य असते.

दुसरा उपाय ॲफेलिनस माली या परोपजीवी कीटकाचा. गांधीलमाशीच्या कुळगोत्रातला हा कीटक जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा असतो. मादी माव्याच्या शरीरात एक अंडे घालते. अळी त्याला आतून खाते, मावा फुगून काळा पडतो आणि अखेरीस प्रौढ कीटक त्याच्या पाठीला गोल भोक पाडून बाहेर येतो. १९२१ साली न्यूझीलंडमध्ये त्याने मिळवलेले यश पाहून अनेक देशांनी तो नेला. भारतात तो १९३० च्या दशकात आणून सोडण्यात आला आणि कुलूच्या खोऱ्यात चांगला स्थिरावला. लोकरीच्या पुंजक्यात काळे, गोल भोक असलेले मावे दिसले म्हणजे हा मित्र कामाला लागला असे समजावे. त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. तो जमिनीखाली जात नाही. म्हणून हे दोन उपाय एकमेकांना पर्याय नाहीत: मुळांची जबाबदारी खुंटाने घ्यायची आणि फांद्यांची या कीटकाने.

उसावरच्या लोकरी माव्याचा अनुभव येथे उपयोगी पडतो. तेथेही उद्रेक ओसरला तो प्रामुख्याने डिफा, मायक्रोमस आणि एन्कार्सिया या मित्रकीटकांमुळे, आणि जेथे सरसकट फवारण्या झाल्या तेथे ते उशिरा स्थिरावले. बंगळूरच्या हेब्बाळ येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था, जी त्या काळी जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय या नावाने ओळखली जाई, या कामात अग्रभागी होती. सफरचंदाच्या बागेत ढालकिडे, सिरफिड माश्यांच्या अळ्या आणि क्रायसोपर्ला यांचीही मदत होते. फळमाशी किंवा अन्य किडीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वारंवार वापरली, तर हे सारे मरतात आणि लोकरीखाली सुरक्षित असलेला मावा उरतो.

छाटणीनंतरच्या फांद्या जाळण्याची घाई करू नये. पाने काढताना झाड पूर्ण उघडे होते, तेव्हा प्रत्येक काप आणि बेचकी पाहून लोकरीचे पुंजके ताठ ब्रशने घासून काढता येतात. वर्षात एवढी स्पष्ट पाहणी पुन्हा होत नाही. ज्या काटक्यांवर काळे पडलेले मावे असतील, त्या जाळीच्या पिशवीत घालून बागेतच सावलीत टांगाव्यात. जाळीची छिद्रे ॲफेलिनसला बाहेर पडता येईल इतकी असावीत. दोन-तीन आठवड्यांत कीटक बाहेर पडून नव्या पालवीकडे जातात, आणि त्यानंतर त्या काटक्या नष्ट कराव्यात. कलमाचा सांधा मातीखाली गाडला जाणार नाही याची काळजी दर पावसाळ्यानंतर घ्यावी. सांध्याच्या वर माती चढली, की वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात, त्या मुळांवर मावा वसतो आणि प्रतिकारक्षम खुंटाचा लाभ हातचा जातो.